ॲक्रिलिक अक्षरकर्तन

ॲक्रिलिक अक्षरकर्तन म्हणजे ॲक्रिलिक या प्लास्टिकच्या पारदर्शक, दुधी किंवा रंगीत शीटमधून नामफलकांसाठी अक्षरे, अंक व बोधचिन्हे कापून काढण्याची प्रक्रिया होय. दुकाने, दवाखाने, शाळा, कार्यालये आणि गृहसंस्था यांच्या पाट्यांवरील उठावाची अक्षरे पुष्कळदा या पद्धतीने तयार केली जातात. कापण्यासाठी मुख्यतः तीन प्रकारची साधने वापरली जातात : करवत, संगणकनियंत्रित (सीएनसी) राउटर आणि कार्बन डायऑक्साइड लेझर. नामफलकांचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्याच्या भांडवलाचा मोठा वाटा याच यंत्रात गुंतत असल्यामुळे त्याची निवड महत्त्वाची ठरते. ही निवड केवळ यंत्राची शक्ती किंवा किंमत पाहून करता येत नाही. शीटची जाडी, अक्षरांचा आकार, लिपी, सोबत वापरले जाणारे अन्य साहित्य, उपलब्ध जागा आणि दरमहा मिळणारे काम या सर्वांचा त्यात विचार करावा लागतो.

ॲक्रिलिकचे गुणधर्म

ॲक्रिलिकचे रासायनिक नाव पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट असे आहे. ते उष्णतेने मऊ होणारे बहुवारिक असून १९३० च्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. प्लेक्सिग्लास व पर्स्पेक्स ही त्याची जुनी व्यापारी नावे आहेत. स्वच्छ ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के दृश्य प्रकाश आरपार जातो. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १.२ पट, म्हणजे काचेच्या निम्म्याहून कमी असते. उन्हात ते सहसा लवकर पिवळे पडत नाही. या तीन गुणांमुळे बाहेर लावायच्या आणि आतून उजळणाऱ्या पाट्यांसाठी ते सोयीचे ठरते.

बाजारात ॲक्रिलिकच्या शीट दोन प्रकारच्या मिळतात. दोन काचांच्या मध्ये द्रव ओतून घडवलेल्या शीटला ओतीव किंवा कास्ट शीट म्हणतात. तापवलेले ॲक्रिलिक साच्याच्या फटीतून दाबून बाहेर काढले की एक्स्ट्रुडेड शीट तयार होते. एक्स्ट्रुडेड शीट स्वस्त व एकसारख्या जाडीची असते. परंतु ती कमी उष्णतेला मऊ होते आणि राउटरच्या पात्याला चिकटते. कास्ट शीटच्या जाडीत किंचित फरक आढळतो. मात्र ती पात्याखाली स्वच्छ कापली जाते आणि लेझरने तिच्यावर कोरलेली अक्षरे पांढरी व सुस्पष्ट उमटतात. एकाच यंत्रावर या दोन शीटसाठी वेग व शक्ती यांची मापे वेगवेगळी ठेवावी लागतात. त्यामुळे खरेदीच्या वेळी शीटचा प्रकार विचारून घेणे आवश्यक असते.

कापण्याची साधने

करवत. बारीक दातांच्या करवतीने किंवा विजेवर चालणाऱ्या जिगसॉने अक्षरे कापणे ही जुनी पद्धत आहे. शीटच्या संरक्षक कागदावर अक्षर रेखाटून त्या रेषेवरून करवत फिरवली जाते. नंतर कडा कानशीने व पॉलिश कागदाने घासाव्या लागतात. या पद्धतीत भांडवल अत्यल्प लागते. पण कौशल्य व वेळ अधिक खर्च होतो आणि एकाच शब्दातील दोन ‘र’ हुबेहूब सारखे निघतीलच असे नाही. मोजक्या व मोठ्या अक्षरांसाठी ती आजही उपयोगी पडते.

सीएनसी राउटर. या यंत्रात वेगाने फिरणारे पाते संगणकाच्या आज्ञेनुसार शीटवरून सरकते. पात्याची गती सामान्यतः मिनिटाला १८,००० ते २४,००० फेरे इतकी असते. ॲक्रिलिकसाठी एकच धार असलेले पाते वापरतात, कारण त्यातून भुगा मोकळेपणाने बाहेर पडतो. पाते जलद फिरत असताना ते पुढे सरकण्याचा वेग फार कमी ठेवला, तर घर्षणाने ॲक्रिलिक वितळते आणि कापलेली फट मागाहून पुन्हा जुळून येते. नवशिक्याकडून होणारी ही नेहमीची चूक आहे. राउटरने कापलेली कड धूसर दिसते. ती चमकदार करण्यासाठी घासावी किंवा ज्योतीने हलकेच शेकावी लागते. ॲल्युमिनियम काँपोझिट पॅनेल (एसीपी), एमडीएफ, पीव्हीसी फोम शीट आणि जाड ॲक्रिलिक ही सर्व सामग्री एकाच यंत्रावर कापता येणे हा राउटरचा मोठा फायदा आहे. आवाज, भुगा आणि शीट घट्ट धरून ठेवण्याची गरज या त्याच्या अडचणी होत.

कार्बन डायऑक्साइड लेझर. या लेझरचा शोध कुमार पटेल (चंद्रकुमार नारणभाई पटेल) यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लावला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला आणि त्यांनी अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून घेतली होती. या लेझरचे किरण अवरक्त असून त्यांची तरंगलांबी सुमारे १०.६ मायक्रोमीटर असते. दृश्य प्रकाशाला पारदर्शक असणारे ॲक्रिलिक या किरणांना मात्र अपारदर्शक असते. ते किरण शोषून घेते, तापते आणि कापाच्या रेषेत त्याची वाफ होते. कडेवर वितळलेला पातळ थर लगेच गोठल्यामुळे कड काचेसारखी चमकते व तिला पुन्हा पॉलिश करावे लागत नाही. कापाची रुंदी मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांइतकीच असते. पाते शीटला टेकतच नसल्याने नाजूक अक्षरेही तुटत नाहीत.

प्रत्येक लेझर ॲक्रिलिक कापतो असे नाही. धातू कापणाऱ्या फायबर लेझरची तरंगलांबी सुमारे १.०६ मायक्रोमीटर असते आणि त्याचे किरण स्वच्छ ॲक्रिलिकमधून बहुतांशी आरपार निघून जातात. स्वस्त मिळणाऱ्या निळ्या डायोड लेझरची गोष्टही तीच आहे. गडद रंगाची पातळ शीट त्याने सावकाश कापता येते; पारदर्शक शीट कापता येत नाही. ‘लेझर यंत्र’ एवढेच नाव वाचून केलेली खरेदी त्यामुळे निरुपयोगी ठरू शकते.

देवनागरी लिपी आणि यंत्राची निवड

रोमन लिपीतील अक्षरे सुटी असतात, तर देवनागरीत शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द हा एकच तुकडा बनतो. या फरकाचा परिणाम यंत्राच्या निवडीवर चार प्रकारे होतो.

पहिला परिणाम कोपऱ्यांवर होतो. राउटरचे पाते गोल असल्यामुळे आतील कोपरा पात्याच्या त्रिज्येइतका गोलावतो. ३ मिलिमीटर व्यासाच्या पात्याने कापलेल्या प्रत्येक आतील कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. देवनागरीत शिरोरेषा व उभा दंड जेथे मिळतात तेथे असे कोपरे जागोजाग येतात. अक्षर ३०० मिलिमीटर उंचीचे असल्यास ही गोलाई जाणवत नाही. ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरात ती सहज दिसते. पात्याच्या व्यासाहून अरुंद फटीत तर पाते शिरतच नाही. ‘ध’ व ‘भ’ या अक्षरांची ओळख शिरोरेषेतील लहानशा खंडावर अवलंबून असते. लहान आकारात तो खंड बुजला, तर ‘धन’ या शब्दाचा ‘घन’ दिसू शकतो. लेझरचा काप अत्यंत बारीक असल्याने ही अडचण तेथे जवळपास उद्भवत नाही.

दुसरा परिणाम रेखाचित्रावर होतो. देवनागरी टंकांत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. मजकूर बाह्यरेषांमध्ये रूपांतरित केल्यावर हे चढलेले भाग तसेच राहतात. छापील कामात ते दिसत नाहीत. यंत्र मात्र त्या रेषांवरूनही कापते आणि शब्दाचे तुकडे होतात. म्हणून कापण्यापूर्वी सर्व बाह्यरेषा एकजीव कराव्या लागतात. कोरलड्रॉमध्ये या आज्ञेला ‘वेल्ड’ आणि इंकस्केपमध्ये ‘युनियन’ म्हणतात. जोडाक्षरांची मांडणी नीट न हाताळणाऱ्या आज्ञावलीत ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी पडते किंवा जोडाक्षर सुटते. त्यामुळे यंत्रासोबत येणारी आज्ञावली देवनागरी मजकूर व त्याच्या बाह्यरेषा योग्य रीतीने स्वीकारते का, हेही यंत्राइतकेच महत्त्वाचे असते.

तिसरा परिणाम मेजाच्या आकारावर होतो. रोमन लिपीतील लांब नाव अक्षर-अक्षर करून लहान यंत्रावर कापता येते. देवनागरी शब्द मेजापेक्षा लांब असेल, तर तो शिरोरेषेवर तोडून जोडावा लागतो. आतून दिवे लावलेल्या पाटीत असा सांधा रात्री काळ्या रेषेसारखा उठून दिसतो.

चौथा परिणाम उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाशी निगडित आहे. तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की ॲक्रिलिकची लांबी दर मीटरला सुमारे ०.०७ मिलिमीटरने वाढते. २.४ मीटर लांबीच्या अखंड शब्दाचे तापमान ३० अंशांनी बदलल्यास त्याची लांबी सुमारे ५ मिलिमीटरने बदलते. असा शब्द दोन्ही टोकांना घट्ट पक्का केला, तर तो वाकतो किंवा स्क्रूच्या छिद्रापाशी तडकतो. म्हणून छिद्रे स्क्रूपेक्षा मोठी किंवा लांबट ठेवतात.

अनुस्वार, चंद्रबिंदू आणि काही टंकांतील नुक्ता हे भाग मूळ शब्दापासून सुटे असतात. ते नेमक्या जागी बसावेत म्हणून अक्षरे कापून उरलेली शीट किंवा त्याच आराखड्याचा कागद साचा म्हणून भिंतीवर धरला जातो. अक्षरे काढल्यावर उरलेली शीट टाकून न देता पाटी बसेपर्यंत जपून ठेवण्याची पद्धत त्यामुळेच पडली आहे.

शक्ती आणि मेजाचा आकार

लेझरची शक्ती वॉटमध्ये मोजतात. चांगल्या वेगाने कापण्यासाठी शीटच्या जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे १० वॉट, हा एक ढोबळ अंदाज वापरला जातो. नामफलकांच्या कामात ३ ते ६ मिलिमीटर जाडीच्या शीट अधिक लागतात. त्यासाठी ६० ते १०० वॉटचे यंत्र सामान्यतः पुरेसे असते. १० मिलिमीटर किंवा त्याहून जाड अक्षरे नेहमी करायची असल्यास १०० ते १५० वॉटच्या यंत्राचा विचार केला जातो. कमी शक्तीच्या यंत्रानेही जाड शीट सावकाश कापता येते. परंतु काप तिरका होतो आणि कडेवर वितळल्याचे ओघळ येतात. उलटपक्षी, मोठ्या शक्तीच्या नळीने बारीक कोरीवकाम तितके सुबक होत नाही.

कापण्यास लागणारा वेळ अक्षराच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर त्याच्या कडेच्या एकूण लांबीवर अवलंबून असतो. एखाद्या पाटीतील सर्व कडांची लांबी १२ मीटर असेल आणि यंत्र सेकंदाला १० मिलिमीटर वेगाने कापत असेल, तर त्या पाटीला २० मिनिटे लागतात. जाहिरातीतील वेग बहुधा कोरीवकामाचा असतो. कापण्याचा वेग त्याहून पुष्कळ कमी असतो.

ॲक्रिलिकची शीट साधारणतः ८ फूट × ४ फूट (सुमारे २४४० × १२२० मिलिमीटर) आकारात मिळते. पूर्ण शीट मावेल असे यंत्र सोयीचे असले तरी महाग असते व जागा अधिक व्यापते. १३०० × ९०० मिलिमीटर मेजाचे यंत्र हा मधला पर्याय समजला जातो. यंत्राच्या पुढच्या व मागच्या बाजूस उघडणारी झडप असल्यास लांब शीट टप्प्याटप्प्याने सरकवून कापता येते. दुकानाच्या दारातून आणि जिन्यावरून यंत्र आत जाईल का, हे आधी मोजून घ्यावे लागते.

पूरक उपकरणे

लेझर यंत्राच्या किमतीत पुष्कळदा न धरलेली, पण त्याच्याशिवाय काम न चालणारी काही उपकरणे असतात. काचेच्या लेझर नळीला सतत थंड पाणी लागते. केवळ पंख्याने पाणी थंड करणारा शीतक पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली आणू शकत नाही. विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील उन्हाळ्यात तो अपुरा पडतो आणि नळीचे आयुष्य घटते. अशा ठिकाणी शीतयंत्रणा असलेला चिलर घ्यावा लागतो. कोकण व गोव्याच्या दमट हवेत अडचण उलट असते. पाणी फार थंड ठेवले, तर नळीवर व भिंगावर दव धरते. नळीला हजारो व्होल्टचा दाब लागत असल्याने भूसंपर्कन (अर्थिंग) पक्के असावे लागते, तसेच विजेचा दाब वरखाली होणाऱ्या भागात स्टॅबिलायझरची गरज भासते.

कापताना हवेचा झोत सोडणारा पंप आणि धूर बाहेर काढणारा पंखा हीदेखील आवश्यक साधने होत. ॲक्रिलिक कापताना झोत सौम्य ठेवतात. जोरदार झोताने कड चमकण्याऐवजी धूसर होते. शीटखाली जाळीदार मेजाऐवजी अंतरा-अंतरावर पट्ट्या असलेले मेज वापरल्यास खालच्या बाजूस परावर्तित किरणांचे डाग कमी पडतात. काचेची नळी काही हजार तास चालते व नंतर बदलावी लागते. त्यामुळे ती गावात किंवा जवळच्या शहरात मिळते का, आणि बसवून देणारा कारागीर उपलब्ध आहे का, हे खरेदीपूर्वी पाहिले जाते.

सुरक्षितता

ॲक्रिलिक ज्वलनशील आहे. कापताना किरण एका जागी थांबला किंवा हवेचा झोत बंद पडला, तर शीट पेट घेऊ शकते. म्हणून लेझर चालू असताना यंत्रापासून दूर जाऊ नये, हा या व्यवसायातील पहिला नियम आहे. यंत्राजवळ अग्निशामक ठेवणे आणि मेजाखाली साठलेले तुकडे रोज काढणे आवश्यक असते.

कापताना निघणाऱ्या वाफेत मिथाइल मेथॅक्रिलेट असते. त्याचा वास उग्र असून त्याने डोळे व श्वसनमार्ग चुरचुरतात. धूर नळीवाटे इमारतीबाहेर, वस्तीपासून दूर सोडावा लागतो. निवासी इमारतीच्या तळमजल्यावरील गाळ्यात हे शक्य नसल्यास राउटर घेणे किंवा कापण्याचे काम अन्यत्र करून घेणे अधिक योग्य ठरते. लेझरचे किरण डोळ्यांना दिसत नसले तरी डोळ्यांना इजा करू शकतात. यंत्राचे झाकण बहुधा ॲक्रिलिकचेच असते, कारण ज्या गुणामुळे ते या किरणांनी कापले जाते त्याच गुणामुळे विखुरलेले किरण ते अडवूनही धरते. झाकण उघडताच किरण बंद करणारा खटका निकामी करून यंत्र चालवणे धोक्याचे असते.

पीव्हीसी लेझरवर कधीही कापू नये. पाट्यांच्या कामात सर्रास वापरली जाणारी फोम शीट बहुधा पीव्हीसीची असते. लेझरने ती तापली की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना अपायकारक असून ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल बनते आणि यंत्राचे रूळ व आरसे गंजतात. एखादे अनोळखी प्लास्टिक ओळखण्यासाठी तांब्याच्या तारेची साधी चाचणी करतात. तार तापवून प्लास्टिकला टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाल्यास त्या प्लास्टिकमध्ये क्लोरिनसारखे मूलद्रव्य आहे असे समजते. ही चाचणी मोकळ्या हवेत करावी लागते.

अक्षरे चिकटवण्यासाठी कार्यशाळांतून क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन ही द्रावके वापरली जातात. दोन्हींची वाफ आरोग्यास घातक आहे, त्यामुळे बंद खोलीत ती वापरू नयेत. लेझरने किंवा ज्योतीने तापलेल्या कडेत ताण साठलेला असतो. अशा कडेला द्रावक वा स्पिरिट लागल्यास काही वेळाने बारीक तडे दिसू लागतात. शीट सुमारे ८० अंश सेल्सियस तापमानात काही तास ठेवून सावकाश थंड केल्यास हा ताण कमी होतो.

आर्थिक बाजू

यंत्र न घेताही हा व्यवसाय सुरू करता येतो. अनेक शहरांत लेझर व राउटरची कामे मजुरीवर करून देणारे व्यावसायिक असतात. आराखडा स्वतः तयार करून कापणी बाहेरून करून घेतल्यास कोणत्या जाडीचे, कोणत्या आकाराचे व कोणत्या साहित्याचे काम अधिक येते, हे काही महिन्यांत कळते. त्यानंतर घेतलेले यंत्र अंदाजाने घेतलेल्या यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडण्याचा संभव असतो. वेळ हाती न राहणे आणि चूक झाल्यास पुन्हा रांगेत थांबावे लागणे, हे या पद्धतीचे तोटे आहेत.

यंत्राची किंमत किती काळात वसूल होईल, याचा हिशेब सोपा असतो. केवळ उदाहरणादाखल, यंत्र व पूरक उपकरणे मिळून ६,००,००० रुपये खर्च येतो असे मानू. बाहेरच्या कापणीवर दरमहा २५,००० रुपये जात असतील आणि स्वतःच्या यंत्राचा वीज, देखभाल व मजुरीचा खर्च १०,००० रुपये असेल, तर महिन्याला १५,००० रुपये वाचतात व किंमत वसूल होण्यास ४० महिने लागतात. बाहेरचा खर्च ४५,००० व स्वतःचा १५,००० रुपये असेल, तर २० महिने पुरतात. कर्जाचे व्याज, नळी बदलण्याचा खर्च आणि कापण्यात वाया जाणारी शीट या बाबी हिशेबात न धरल्यास उत्तर फसवे निघते.

महाराष्ट्रातील मराठी नामफलक

‘महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७’ या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नामफलक लावणे बंधनकारक झाले. फलकावर अन्य लिपीतील मजकूर असल्यास मराठी अक्षरे त्याहून लहान असता कामा नयेत, अशी तरतूद आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना या तरतुदीच्या पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. यामुळे राज्यातील नामफलक व्यावसायिकासाठी देवनागरी अक्षरे हे अधूनमधून येणारे काम नसून रोजचे काम आहे. यंत्राची पारख त्याच कामावर होणे म्हणूनच इष्ट असते.

खरेदीपूर्व चाचणी

विक्रेते यंत्र दाखवताना बहुधा आधीच बसवलेला रोमन लिपीतील नमुना कापून दाखवतात. त्याऐवजी ग्राहकाने स्वतःची शीट आणि स्वतः तयार केलेला देवनागरी आराखडा नेल्यास यंत्राची खरी क्षमता कळते. नमुन्यात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांसारखी जोडाक्षरे, ‘ध’ व ‘भ’ ही खंडित शिरोरेषेची अक्षरे, एक अनुस्वार आणि मेजाच्या जवळपास पूर्ण लांबीचा एक शब्द असावा. मेजाच्या चारही कोपऱ्यांत एकसारखा चौरस कापून त्याच्या बाजू व कर्ण मोजल्यास आरसे आणि रूळ नीट जुळले आहेत का, हे समजते. कड उभी व चमकदार आहे का, शेवटी काप सुरुवातीच्या बिंदूला बरोबर मिळतो का आणि अक्षर शीटमधून अलगद सुटते का, या तीन गोष्टी पाहिल्या जातात. या चाचणीत ‘ध’ हा ‘ध’च वाचला गेला, तर ते यंत्र मराठी पाट्यांच्या कामास योग्य आहे असे मानता येते.